बुद्धिपुरस्सर पाप आणि तारण : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका प्रश्नाचा शब्दार्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला माणूस जाणूनबुजून पाप करू शकतो काय, आणि त्याने तसे केल्यास त्याच्या तारणाचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचा वाटतो. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येत नाही. सतराव्या शतकातील ख्रिस्ती पुराणकाव्यांपासून विसाव्या शतकातील रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भक्तिपर रचनेपर्यंत जे ख्रिस्ती वाङ्मय मराठीत निर्माण झाले, त्यातील पाप, पश्चात्ताप, प्रायश्चित्त, क्षमा आणि तारण हे शब्द या प्रश्नाभोवतीच फिरतात. हे शब्द ख्रिस्ती लेखकांनी घडवले नाहीत. धर्मशास्त्रग्रंथांतून, संतवाङ्मयातून आणि रोजच्या व्यवहारातून ते त्यांच्याकडे आले व येताना आपले जुने अर्थ घेऊन आले. त्या जुन्या अर्थांची जाण नसेल, तर या वाङ्मयाचे वाचन एकतर प्रचारसाहित्याचे वाचन होते किंवा केवळ भाषिक कुतूहलाचे.

या प्रश्नाला एक लौकिक बाजूही आहे. 'पाप करावे आणि धर्मगुरूंपुढे सांगून मोकळे व्हावे' असा आक्षेप ख्रिस्ती धर्मावर मराठीत सर्रास घेतला जातो. उलटपक्षी, जाणूनबुजून केलेल्या पापाला क्षमा नाही, या भीतीने खचलेला श्रद्धावानही या समाजात असतो. एका टोकाला बेफिकिरी आणि दुसऱ्या टोकाला निराशा अशी ही स्थिती आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याने या दोहोंच्या मधली वाट कोणत्या शब्दांनी शोधली आणि त्या शोधात काय मिळवले व काय गमावले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दोन शास्त्रपरंपरांतील भेद

पाप जाणतेपणी केले की अजाणतेपणी, हा भेद मराठी मनाला नवा नाही. धर्मशास्त्रात 'कामतः' आणि 'अकामतः' केलेल्या पापांचा विचार स्वतंत्रपणे आला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्त केवळ अजाणता घडलेल्या पापाला आहे की बुद्धिपूर्वक केलेल्या पापालाही आहे, याविषयीचा मतभेद नोंदवलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायातील भूमिका अधिक सूक्ष्म आहे. तीनुसार अज्ञानाने घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. बुद्धिपूर्वक पाप करणारा प्रायश्चित्ताने केवळ 'व्यवहार्य' होतो, म्हणजे समाजाने त्याच्याशी संबंध ठेवण्यास तो पात्र ठरतो. समाजात परत येणे आणि पापातून सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान येथे स्पष्ट दिसते.

बायबलच्या जुन्या करारातही याला समांतर विचार आढळतो. 'लेवीय' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात चुकून घडलेल्या पापासाठी अर्पणे सांगितली आहेत. 'गणना' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मात्र उन्मत्तपणे, मूळ हिब्रू वाक्प्रयोगानुसार हात उंचावून, पाप करणाऱ्याला लोकांतून काढून टाकण्याची आज्ञा आहे. तेथे त्याच्यासाठी अर्पण सांगितलेले नाही.

नव्या करारात या प्रश्नाला धार येते ती इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात. सत्याचे ज्ञान मिळाल्यानंतरही बुद्धिपुरस्सर पाप करीत राहिल्यास पापांसाठी दुसरा यज्ञ उरत नाही, असा त्या वचनाचा आशय आहे. अनेक श्रद्धावानांची झोप उडवणारे हे वचन आहे. त्याच्या अर्थनिर्णयात दोन भाषिक गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. मूळ ग्रीक वाक्यातील 'पाप करणे' हे रूप वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे. त्यातून एकदा घडलेल्या कृत्यापेक्षा चालू ठेवलेली वागणूक सूचित होते. शिवाय पुढच्याच वाक्यांत देवाच्या पुत्राला पायदळी तुडवण्याचा उल्लेख येतो. म्हणजे येथे मोहाला बळी पडलेला माणूस अभिप्रेत नसून ज्या कृपेने तारले तिलाच नाकारणारा माणूस अभिप्रेत आहे, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. योहानाच्या पहिल्या पत्रात हीच दुहेरी मांडणी आहे. आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो, असे आरंभी म्हटले आहे. देवापासून जन्मलेला पाप करीत राहत नाही, असे पुढे म्हटले आहे. ही दोन विधाने एकत्र वाचली तरच त्यांचा अर्थ लागतो. श्रद्धावान पाप करतो, हे पहिले विधान मान्य करते. तो पापात घर करून राहत नाही, हे दुसरे सांगते.

या वचनांवरून मंडळीत वाद झाले आणि ते केवळ ग्रंथांतले नव्हते. इ.स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याच्या छळात अनेकांनी जिवाच्या भीतीने श्रद्धा नाकारली. छळ ओसरल्यावर त्यांना परत घ्यावे की नाही, यावर मंडळी दुभंगली. नोव्हेशियनचा पक्ष त्यांना प्रवेश नाकारीत होता; कार्थेजचे धर्माध्यक्ष सिप्रियन यांनी दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याची वाट मोकळी केली. पुढे मुख्य प्रवाह सिप्रियन यांच्या बाजूने वळला.

३. साष्टीची पार्श्वभूमी

मराठी प्रदेशात हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो पोर्तुगीज अंमलाखालील किनारपट्टीत. 'साष्टी' हे नाव येथे दोन प्रदेशांना लागते. एक गोव्यातील आणि दुसरी मुंबईच्या उत्तरेची. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही उपनगरे या दुसऱ्या साष्टीतली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याच्या ठिकाणी सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पंथीयांनी आपले केंद्र उभारले. त्याचे भग्नावशेष आजही लेण्याच्या माथ्यावर आहेत. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिवटे येथे जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेल्या चर्चचे अवशेषही उरले आहेत. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई घेतल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली, पण ख्रिस्ती समाज आपल्या मराठी बोलीसह टिकला. १८८७ पासून तो 'ईस्ट इंडियन' या नावाने ओळखला जाऊ लागला.

या समाजाच्या पूर्वजांपुढे जाणूनबुजून पाप करण्याचा प्रश्न तात्त्विक नव्हता. बाप्तिस्मा घेतल्यानंतर जुन्या देवाला नवस करणे, जुन्या रीतीने लग्न लावणे, हे पाप होते की केवळ सवय? गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या आणि १८१२ मध्ये कायमच्या बंद झालेल्या धर्मन्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. बाप्तिस्मा घेतलेल्याचे असे वर्तन हा धर्मद्रोहाचा गुन्हा ठरला. जे न्यायालयात नेले गेले, त्यांच्यापुढे 'बुद्धिपुरस्सर' या शब्दाचा अर्थ शिक्षेच्या रूपाने आला. याच काळात मराठीत जी ख्रिस्ती पुराणे रचली गेली, ती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजेत. कारण न्यायालय जो प्रश्न शिक्षेने सोडवीत होते, तोच प्रश्न पुराणकार कथेने सोडवू पाहत होते.

४. पुराणकथा : पेत्र आणि यहूदा

फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य गोव्याच्या साष्टीत गेले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम व एवा यांचे पतन आणि जुन्या कराराचा वृत्तान्त आहे. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी जुनी पुराणे सोडली, पण त्यांच्या जागी ऐकायला काही नाही, या गरजेतून हा ग्रंथ निर्माण झाला, अशी भूमिका ग्रंथातच मांडलेली आहे. स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द स्वीकारला आणि श्रोता व वक्ता यांच्या प्रश्नोत्तराची पुराणशैलीही स्वीकारली.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेचे निर्णय तेव्हा जुने झाले नव्हते. गंभीर पापाने मनुष्य देवाची कृपा गमावतो, श्रद्धा मात्र त्याच्याजवळ उरू शकते, असे परिषदेने १५४७ मध्ये ठरवले होते. अनुताप, पापनिवेदन आणि भरपाई ही पश्चात्तापी माणसाची तीन कर्तव्ये असल्याचे १५५१ मध्ये सांगितले होते. पाप गंभीर होण्यासाठी विषय गंभीर असणे, त्याचे पूर्ण ज्ञान असणे आणि मनाची पूर्ण संमती असणे या तीन अटी कॅथलिक शिकवणुकीत मानल्या जातात. म्हणजे 'जाणूनबुजून' हा शब्द येथे व्याख्येचाच भाग आहे. जाणूनबुजून पाप करणारा ख्रिस्ती मनुष्य कृपेला मुकतो. पण त्याचे परतीचे दार मरेपर्यंत बंद होत नाही.

हे तत्त्व ओवीतून ऐकणाऱ्या श्रोत्याला व्याख्येपेक्षा पात्रांतून अधिक कळते. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या कथेत अशी दोन पात्रे शेजारी शेजारी उभी आहेत : पेत्र आणि यहूदा. दोघेही शिष्य, दोघांनीही गुरूशी दगा केला. पेत्राचे पाप अजाणता घडलेले नव्हते. त्याला आधी सावध केले होते, आणि तरीही त्याने एकदा नव्हे, तीनदा गुरूला नाकारले. यहूदाचा विश्वासघात ठरवून केलेला होता. हेतूच्या दृष्टीने दोघांत फरक आहे; परंतु त्यांची गती केवळ त्या फरकाने ठरत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील यहूदाचे चित्रण या दृष्टीने विलक्षण आहे. त्याला आपल्या कृत्याची खंत वाटते, तो आपण पाप केल्याचे उघडपणे सांगतो आणि मिळालेली तीस नाणी परत करतो. मनुस्मृतीने ख्यापन व अनुताप ही पापमुक्तीची साधने म्हणून सांगितली आहेत. ट्रेंटच्या परिषदेने अनुताप, निवेदन व भरपाई सांगितली आहे. बाह्य दृष्टीने यहूदाजवळ हे सारे होते. तरीही तो गळफास घेतो. त्याच्या खंतीसाठी ग्रीक मूळात जे क्रियापद येते, ते 'मेतानोइया', म्हणजे मन वळणे, या नेहमीच्या शब्दापासून आलेले नाही. मागाहून वाईट वाटणे एवढाच त्याचा मुख्य अर्थ आहे. यहूदा नाणी घेऊन याजकांकडे गेला. ज्याचा अपराध केला, त्याच्याकडे गेला नाही. पेत्र रडला आणि थांबून राहिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी तीन नकारांच्या जागी त्याला तीनदा प्रेमाची कबुली द्यावी लागते. जाणूनबुजून केलेल्या पापानंतर माणूस कोणत्या दिशेला तोंड करतो, यावर या कथेचा भर आहे.

हे कथासूत्र स्टीफन्स यांच्यापुरते मर्यादित राहिले नाही. जेझुइट पंथाचे फ्रेंच धर्मगुरू एतिएन द ला क्र्वा यांचा संत पेत्राच्या जीवनावरील मराठी ओवीबद्ध ग्रंथ गोव्यात १६२९ पासून छापला गेला. फ्रान्सिस्को व्हाझ द गिमारायेन्श यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. त्याची भाषा उत्तर कोकणातील बोलीला जवळची आहे, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रणही झाले. परंपरेने ज्याला मंडळीचा पाया मानले, तोच नाकारणारा शिष्य होता, ही गोष्ट नवख्रिस्ती श्रोत्याला धीर देणारी होती. धर्मन्यायालयाच्या छायेत राहणाऱ्या समाजाला हा धीर किती मोलाचा असेल, याची कल्पना करता येते.

५. 'प्रायश्चित्त' शब्दाचा प्रवास

एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनांबरोबर हा प्रश्न नव्या शब्दव्यवस्थेत आला. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले, आणि नव्या कराराचे संपूर्ण मराठी भाषांतर त्या मिशनने १८२६ मध्ये प्रसिद्ध केले. बायबलच्या मराठी भाषांतरपरंपरेत 'प्रायश्चित्त' या शब्दाला जे वळण मिळाले, ते अर्थपरिवर्तनाचे महत्त्वाचे उदाहरण आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पापी माणूस स्वतः घेतो. मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त हाच आपल्या पापांचे प्रायश्चित्त ठरतो. शब्द तोच राहिला, कर्ता बदलला.

येथून दोन मराठी ख्रिस्ती परंपरांची भाषा वेगळी होते. प्रोटेस्टंट लेखनात प्रायश्चित्त एकदाच आणि दुसऱ्याने केलेले असते. माणसाकडे पश्चात्ताप व विश्वास उरतो. कॅथलिक भाषेत ख्रिस्ताचे प्रायश्चित्त मान्य आहेच, परंतु 'प्रायश्चित्त संस्कार' या प्रयोगात माणसाचा वाटाही शिल्लक आहे. युरोपातील धर्मसुधारणेचा वाद याच शब्दावर पेटला होता. लॅटिन बायबलातील शब्दप्रयोग 'प्रायश्चित्त करा' असा समजला जात होता. ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे, याकडे इरॅस्मसने लक्ष वेधले आणि १५१७ मध्ये लूथरने आपल्या पहिल्याच सूत्रात श्रद्धावानाचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे, अशी मांडणी केली.

प्रोटेस्टंटांतही एकवाक्यता नव्हती. कॅल्व्हिनच्या परंपरेनुसार देवाने निवडलेला श्रद्धावान पडला तरी शेवटपर्यंत राखला जातो. जो कायमचा दूर गेला, तो मुळात आतून आलाच नव्हता. मेथडिस्टांची भूमिका वेस्लीला अनुसरून आहे : कृपा नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला शेवटपर्यंत असते, म्हणून तारण गमावण्याचा धोकाही खरा असतो. मराठी भाषकाला या वादात एक मजेदार अर्थच्छटा आढळते. 'तारण' हा शब्द 'तारणे' या क्रियापदापासून आला असून त्यात नदी पार करवण्याची प्रतिमा आहे. व्यवहारातील 'तारण' म्हणजे कर्जासाठी ठेवलेली हमी. तारण एकदा मिळाले की ते कायमचे सुरक्षित आहे, असे मानणारा माणूस नकळत या दुसऱ्या अर्थाकडे सरकतो. पैलतीराला नेणारी नाव त्याच्या दृष्टीने पेढीत ठेवलेला दागिना होऊन बसते. नावेत बसलेल्याला निदान नावेतच राहावे लागते.

हा धोका पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या संदर्भात नेमका ओळखला होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ च्या आत्मनिवेदनात मात्र त्यांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त पुढे आठ वर्षांनी, अशा अर्थाचे लिहिले आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात झालेल्या धार्मिक जागृतीत बाप्तिस्मा झालेल्या मुलींनीही रडत पापांची कबुली दिली. बाप्तिस्मा हा शेवट नसून तेथून हिशेब सुरू होतो, ही जाणीव त्यामागे आहे.

६. अनुतापाची मराठी परंपरा

ख्रिस्ती लेखकांना या प्रश्नासाठी मराठीत एक तयार भाषा उपलब्ध होती, आणि ती भाषा वारकरी परंपरेची होती. गीतेच्या नवव्या अध्यायात दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधू मानावे, असा विचार येतो. ज्ञानेश्वरीत त्याचे विवरण करताना अनुतापाला तीर्थाचे रूप दिले आहे. पाप करणाऱ्याने कोणत्या नदीत स्नान करावे, याचे उत्तर येथे अंतःकरणात सापडते. त्याचबरोबर या परंपरेने बेफिकिरीचा धोकाही ओळखला होता. पद्मपुराणात सांगितलेल्या दहा नामापराधांपैकी एक आहे नामाच्या बळावर पाप करणे. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात विचारून फेटाळलेला प्रश्न आणि हा नामापराध यांत विलक्षण साम्य आहे. क्षमेचा आधार घेऊन आखलेले पाप हे क्षमेचाच अपमान आहे, हे दोन्ही परंपरांना स्वतंत्रपणे उमगले.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी भावना व्यक्त केली होती. त्यांच्या अभंगरचनेत पापाची जाणीव कायद्याच्या भाषेत येत नाही. ती दुरावलेल्या आप्ताच्या आर्ततेत येते. यामुळे मराठी ख्रिस्ती उपासनेला स्वतःचा सूर मिळाला आणि न्यायालयाच्या प्रतिमेऐवजी घराची प्रतिमा मध्यभागी आली. जाणूनबुजून पाप केलेला माणूस येथे आरोपी राहत नाही. घर सोडून गेलेले लेकरू होतो.

मात्र या लाभाबरोबर एक उणीव येण्याचा संभव असतो. अनुताप केवळ भक्त आणि देव यांच्यातील व्यवहार झाला, की ज्याच्यावर अन्याय झाला तो तिसरा माणूस दृष्टीआड होतो. जुन्या प्रायश्चित्तविचारात तो माणूस होता. चोरलेली वस्तू मालकाला परत दिल्याखेरीज चोरीचे प्रायश्चित्त पुरे होत नाही, असे मनुस्मृती सांगते. कॅथलिक पापनिवेदनातही चोरलेल्या वस्तूची परतफेड अपेक्षित असते. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार चौपट परत देण्याचे वचन देतो, आणि आज या घराला तारण मिळाले, असे उद्गार त्यानंतर येतात. परतफेडीने त्याने तारण विकत घेतले नाही. ते त्याच्यापर्यंत पोहोचल्याचे परतफेडीतून दिसले. यहूदाने परतफेड केली, पण नाते जोडले नाही. जक्कयाने नाते स्वीकारले, म्हणून परतफेडीला अर्थ आला. ही दोन उदाहरणे एकमेकांना पूरक आहेत.

७. समारोप

मराठी ख्रिस्ती साहित्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर एका वाक्यात आणायचे, तर असे म्हणता येईल : ख्रिस्ती माणूस जाणूनबुजून पाप करू शकतो आणि करतो, त्याच्या तारणाला खरा धोका मात्र त्या पापाशी तडजोड करून राहण्यात आहे. पापाची भीती वाटणाऱ्याचे मन अजून वळलेले असते. क्षमा गृहीत धरणाऱ्याने मात्र सावध व्हायला हवे. पुराणकारांनी हे पात्रांतून सांगितले, प्रोटेस्टंट लेखकांनी 'प्रायश्चित्त' शब्दाचा कर्ता बदलून सांगितले आणि टिळकांनी अनुतापाच्या देशी परंपरेतून सांगितले.

मुंबईच्या उपनगरांत या सर्व परंपरा आज शेजारी शेजारी नांदतात. अंधेरी-बोरिवलीच्या जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंब आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) किंवा जालना भागातून येऊन मुलुंड-घाटकोपरकडे स्थिरावलेले प्रोटेस्टंट कुटुंब मराठीतच प्रार्थना करते, पण 'प्रायश्चित्त' हा शब्द उच्चारताना दोघांच्या मनात सारखाच अर्थ असेलच असे नाही. महाविद्यालयीन वर्गात 'क्रिस्तपुराण' किंवा टिळकांची कविता शिकवताना हा भेद स्पष्ट केला, तर विद्यार्थ्याला या वाङ्मयात धर्मांतराच्या इतिहासापलीकडचे काही दिसेल. 'व्यवहार्य' होणे आणि मुक्त होणे यांत याज्ञवल्क्यस्मृतीने केलेला भेद आणि नाणी परत करूनही परत न आलेला यहूदा, हे दोन्ही संदर्भ एकाच भाषेत एकमेकांशी बोलू शकतात. तो संवाद शक्य झाला, तो मराठीने या शब्दांना दोन्ही बाजूंनी अर्थ पुरवल्यामुळे.